‘पिक अप’चे अर्थ आणि कल्पनाचे गुडघे

इंग्रजी भाषेचं सारं शहाणपण ‘पिक अप’ या दोन शब्दांत सामावलेलं आहे. पडलेलं उचलावं, वाट पाहणाऱ्याला सोबत घ्यावं, चालता चालता चार गोष्टी शिकाव्यात, आजारातून सावरून पुन्हा कामाला लागावं. माणसाला जगायला याहून अधिक काय लागतं?

हे वाक्य मी माझ्या निवृत्तीच्या समारंभासाठी तयार केलं होतं. प्रमुख पाहुण्यांनी ‘शिक्षकाचं समाजातलं स्थान’ या विषयावर इतका वेळ घेतला, की माझ्या वाट्याला फक्त आभार मानणं आलं. तेही गुजरातीत, कारण पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. मग शाल पांघरली, नारळ हातात दिला आणि समाजातलं स्थान घेऊन मी रिक्षानं घरी आलो. वाक्य वाया गेलं ते बरंच झालं. ते खरं नाही. कुठल्याच भाषेचं शहाणपण दोन शब्दांत मावत नाही, आणि मावलंच तर ते शिकवायला शिक्षक लागत नाही.

सुरतेत नवागामच्या मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवलं. जळगावकडून आलो तेव्हा दोन-चार वर्षं काढून परत जायचा बेत होता. तो बेत अजून कायम आहे. माझे विद्यार्थी म्हणजे खानदेशातून लूमवर कामाला आलेल्या लोकांची मुलं. लूम म्हणजे यंत्रमाग. शेकडो माग एका छपराखाली खडखडत असतात आणि त्या आवाजात माणूस दिवसाचे बारा तास उभा असतो. आमची मुलं फार मोठ्यानं बोलायची. नव्यानं आलेल्या शिक्षकांना ती उद्धट वाटायची. तसं नव्हतं. बापाचे कान लूमनं खाल्लेले असायचे, त्याला ऐकू जावं म्हणून सगळं घरच वरच्या पट्टीत बोलायचं. मुलं वर्गात मला ‘सर, पाणी प्यायला जाऊ?’ असं विचारायची, तेव्हा शेजारच्या वर्गातलं कुणीतरी ‘जा’ म्हणायचं.

ज्यांचा इंग्रजी शिकवण्याशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंग्रजीत साधी सरळ क्रियापदं असतात. त्यांना शेपूट लागलं की ती बिघडतात. ‘पिक’ म्हणजे वेचणं, ‘अप’ म्हणजे वर. दोन्ही मिळून ‘वर वेचणं’ झालं असतं तर मी दुसरा धंदा शोधला असता. पण माणूस फोन उचलतो ते पिक अप, मुलाला शाळेतून आणतो तेही पिक अप. गाडी वेग घेते, वारा जोर धरतो, माइक आवाज पकडतो, अंगाला एखादा रोग चिकटतो, सगळं पिक अप. पोलीस संशयिताला उचलतात तेही तेच. मुलं वैतागायची. मग मी त्यांना मराठीत आणायचो. म्हणायचो, थंडी पडते, भाव पडतो, प्रश्न पडतो, माणूस आजारी पडतो, प्रेमात पडतो, तोंडघशी पडतो. एवढं पडून कुणाला लागतं का? मुलं हसायची. आपण हे कधी शिकलो ते त्यांना आठवायचं नाही, आणि मलाही नाही.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक वर्गाला विचारत असे, “पिक अप म्हणजे काय?” सगळा वर्ग एका सुरात ओरडे, “टेम्पो!” साड्यांची पार्सलं मार्केटमध्ये नेणारी ती छोटी गाडी. नवागामात शब्दकोश तिथून सुरू होतो. एकदा मागच्या बाकावरून एक मुलगा अभिमानानं म्हणाला होता, “सर, मन्हा काकानी शे!” गाडी काकाची, म्हणजे त्याच्या मते विषय तिथंच संपला होता.

निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक फळा आणि बायकोची परवानगी, एवढं भांडवल. इथं मी एक पद्धत बसवली. शब्दकोशातला अर्थ फळ्यावर लिहायचा नाही, तो कुणाला तरी देऊन टाकायचा. मुलांना शाळेतून आणण्याचा ‘पिक अप’ रिक्षावाल्या रावसाहेबाचा. धंदा सुधारण्याचा ‘पिक अप’ पर्वत पाटियाजवळ साड्यांचं दुकान असलेल्या घनश्यामभाईंचा. पेशंटची तब्येत सुधारण्याचा कल्पनाचा, कारण ती नर्स. ज्याचा अर्थ त्यानं तो सांभाळायचा, रोज त्याचं एक नवं वाक्य आणायचं. माणसं शब्द विसरतात, शेजारी बसणारा माणूस विसरत नाहीत.

घनश्यामभाईंना हे मान्य नव्हतं. बोटांवर अर्थ मोजून ते गुजरातीत म्हणाले, “साहेब, एक शब्दना आटला बधा अर्थ? एक भाव राखो ने!” ज्यांच्या दुकानात एकाच साडीचे गिऱ्हाईक पाहून चार भाव होतात, त्यांनी हे म्हणावं. मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा ते मनापासून हसले आणि म्हणाले, “तो पछी बराबर छे.” मग बरोबर आहे. त्यांचं रोजचं नवं वाक्य मात्र नेहमी एकच असायचं: मार्केट इज नॉट पिकिंग अप. दिवाळी असो, लग्नसराई असो, मार्केटची तब्येत कधी सुधारली नाही. घनश्यामभाईंची गाडी मात्र दर दोन वर्षांनी बदलायची.

एक अर्थ मी सांगितला, पण कुणालाच दिला नव्हता. ‘पिक अप अ लँग्वेज’. कुणी न शिकवता, ऐकून ऐकून भाषा येणं. मी स्वतः गुजराती भाजीवाल्यांकडून उचलली, हिंदी मार्केटमध्ये, आणि अहिराणी विद्यार्थ्यांकडून. माझ्या नातवाला कुणी न शिकवता तीन भाषा येतात, त्यांतली मराठी सगळ्यांत कच्ची आहे, आणि ती मी शिकवतो. ज्या भाषेवर माझं पोट चाललं, ती इंग्रजी तेवढी मी पुस्तकांतून शिकलो, आणि आजही एखादा साहेब भराभर बोलू लागला की मला उपशीर्षकं हवीशी वाटतात. शिकवल्याशिवाय येतं तेच नीट येतं, अशी शंका ज्या क्रियापदाला बिलगून आहे, ते मी जन्मभर शिकवलं. याला व्यवसायाचा धोका म्हणतात.

आता कल्पनाबद्दल. ही माझीच जुनी विद्यार्थिनी. शाळेत दुसऱ्या बाकावर बसायची, आवाज अर्थातच मोठा. पुढं नर्स झाली, एका मोठ्या दवाखान्यात लागली. तिचं लग्न भटूशी झालं, तो लूमवर. भटू शांत, कष्टाळू माणूस, पण त्याचा एक कान जवळजवळ गेला होता आणि दुसरा जायच्या वाटेवर होता. कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, लूम सोडला तर उरलंय ते राहील. भटू लूम सोडायला तयार नव्हता. दुसरं काही येत नाही, म्हणायचा. कल्पनानं आपल्या परीनं उपाय काढला. आयर्लंडच्या एका दवाखान्यानं तिला निवडलं होतं. ती गेली की काही महिन्यांनी नवऱ्याला आणि मुलीला नेता येणार होतं.

“इथं राहिलो तर ते लूमवरच जाणार, सर,” ती म्हणाली होती. “गावच बदललं तर सुटेल.”

मध्ये फक्त नर्सांसाठीची इंग्रजीची परीक्षा होती. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं. पहिल्या तिन्हींत ती चांगल्या गुणांनी पास झाली. बोलण्यात नापास. दवाखान्यानं कळवलं, आणखी एक संधी थांबतो, मग जागा दुसऱ्याला देऊ.

मला ते कळेना. वर्गात तिच्याइतकं धडाधड कुणी बोलत नव्हतं. मी विचारलं, “अवघड विचारलं का?”

“नाही सर. सोपंच होतं.”

“मग?”

“मी उभी राहिले.”

“कुठं उभी राहिलीस?”

“तिथंच. खुर्चीतून. मॅडमनी प्रश्न विचारला म्हणून उभी राहिले. त्या म्हणाल्या, प्लीज सिट डाऊन. बसले. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, मी परत उभी. तिसऱ्यांदा त्या हसल्या. मग मी ठरवलं, आता मेलं तरी उठायचं नाही.”

“बरं केलंस.”

“काय बरं, सर? उठायचं नाही, उठायचं नाही, एवढंच डोक्यात राहिलं. त्या विचारत होत्या ते सगळं कळत होतं. मी आपली यस मॅडम, नो मॅडम.”

आपल्याकडे एखाद्याची अक्कल गुडघ्यात आहे असं म्हणतात. कल्पनाचं सगळं इंग्रजी त्या दिवशी गुडघ्यात उतरलं होतं आणि गुडघे तिनं दाबून धरले होते.

माझ्या वर्गात हे कधी लक्षात आलं नाही, कारण तिथं सगळेच उभं राहून उत्तर देतात. घनश्यामभाईसुद्धा. त्यांचं पोट आधी उठतं, मग ते. आपल्या शाळांत अक्षरओळखीच्या आधी हे शिकवलं जातं: गुरुजी आले, उभे राहा. प्रश्न विचारला, उभे राहा. कल्पनाच्या बाबतीत त्यावर आणखी दोन थर चढले होते. सासरी सासरे दारातून आत आले की ती उठायची. दवाखान्यात डॉक्टर राउंडला आले की उठायची. ज्याच्या हातात आपला निकाल आहे, त्याच्यासमोर बसून बोलायचं नसतं, हे तिला कुणी समजावलं नव्हतं. ते तिच्या अंगात होतं.

तालमी सुरू केल्या. टेबलाच्या एका बाजूला मी परीक्षक, दुसऱ्या बाजूला ती. मी चेहऱ्यावर शक्य तेवढा परदेश आणून विचारायचो, “टेल मी अबाउट युवर फॅमिली.” की कल्पना उभी. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज माझ्या प्रश्नाच्या आधी यायला लागला. मांडीवर जड पिशवी ठेवून पाहिली. ती पिशवीसकट उठायची. घनश्यामभाईंनी गाडीच्या अनुभवावरून सुचवलं, “साहेब, सीट बेल्ट बांधो.” उठली नाही की बोलणं बंद व्हायचं, आणि बोलायला लागली की उठायची. दोन्ही एकदम होईना.

कल्पना ड्यूटीवरून थेट वर्गाला यायची, म्हणून तिची सासू नातीला घेऊन माझ्याकडे येऊन बसे. सगळे तिला जिजी म्हणत. जिजी कोपऱ्यात बसून हा खेळ बघायची. एक दिवस न राहवून तिनं विचारलं, “मास्तर, ही उठस कसाले? कोण उनं?”

“कुणी नाही आलं, जिजी. तेच तर शिकवतोय. उठायचं नाही.”

“आमना घरमा सासरा उना की सून उठस,” जिजी म्हणाली. “त्यामा काय चुकनं?”

“काही चुकलं नाही. फक्त तिथं उठलं की नापास करतात.”

जिजीनं त्या परीक्षेबद्दल एक अहिराणी शब्द वापरला. तो दिवाळी अंकात छापण्यासारखा नाही.

परीक्षा जवळ आली. कल्पनाचा चेहरा उतरत चालला. भटू तिला दवाखान्यातून मोटारसायकलवर आणून सोडायचा आणि दारातून मला मोठ्यानं विचारायचा, “जमतंय का सर?” मी तितक्याच मोठ्यानं “जमेल” म्हणायचो. खोटं मोठ्यानं बोललं की ते फार खोटं वाटतं. कल्पना आत ऐकत असायची.

शेवटी एका रविवारी माझं डोकं चालेनासं झालं, तेव्हा मी म्हटलं, “तू इकडे ये. माझ्या खुर्चीत बस. आज तू परीक्षक, मी उमेदवार.”

“तुमच्या खुर्चीत?”

“ती लाकडाची आहे, चावत नाही.”

तिनं आधी ओढणीनं खुर्ची पुसली. मग अगदी कडेवर टेकली. मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो. “विचार काहीही,” म्हटलं.

तिनं टेबलावरचा खडू बाजूला सरकवला. मग घसा साफ करून, दवाखान्यात पेशंटला विचारतात त्या आवाजात म्हणाली, “व्हॉट इज युवर नेम?”

आणि मी उभा होतो.

मी उठलो केव्हा, ते मला कळलं नाही. माझ्या घरात, माझ्याच वर्गात, माझ्याच विद्यार्थिनीनं नाव विचारलं, आणि साठी उलटलेला मी हात बाजूला घेऊन सावधान उभा. शाळेत निरीक्षक येत तेव्हा मी असाच उभा राहायचो. त्याआधी जळगावात माझे गुरुजी नाव पुकारत, तेव्हाही. जिजी कोपऱ्यातून किंचाळली, “हाई देखा, मास्तर बी उठना!” आणि हसता हसता तिच्या मांडीवरची नात घसरली.

कल्पना हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, नर्स बघते तसं. म्हणाली, “प्लीज सिट डाऊन, सर. डोन्ट गेट अप सडनली. यू विल फील गिडी.”

मी बसलो. ती थांबली नाही. सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली का? नाश्ता केला होता का? चक्कर पहिल्यांदाच आली का? चक्कर आलेलीच नाही हे सांगायला तिनं मला संधीच दिली नाही. पाणी प्या, जरा मागं टेका, घाबरू नका, दोन दिवसांत बरं वाटेल. सगळं इंग्रजीत, सलग, खुर्चीत व्यवस्थित मागं टेकून. माझ्या लक्षात आलं तेव्हा पाच-सात मिनिटं झाली असतील. मी बोट दाखवून म्हटलं, “कल्पना, तू बसलेली आहेस.”

तिनं खाली, आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “पेशंटसाठी कोण उठतं, सर?”

एवढंच होतं. डॉक्टरांसाठी ती उठायची, पेशंटजवळ बसायची. परीक्षेत नाहीतरी परीक्षकच पेशंटचं सोंग घेतो आणि नर्सनं त्याच्याशी बोलायचं असतं. कल्पना पहिल्या खेपेला पेशंटशी बोलायच्या ऐवजी साहेबाशी बोलली होती. उरलेले दिवस आम्ही सगळे आळीपाळीनं आजारी पडलो. घनश्यामभाईंना मधुमेह खराच होता, त्यांना सोंग करावं लागलं नाही.

परीक्षेहून आली ती थेट माझ्याकडे. भटू मागं उभा, तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत. मी आधी तेच विचारलं, “उठलीस?”

“एकदाच. ते म्हणाले, परीक्षा संपली, तेव्हा.”

“कोण होते?”

“एक साहेब होते. त्यांना खोकला होता. मी आत गेले आणि आधी त्यांनाच विचारलं, हा खोकला किती दिवस आहे? ते म्हणाले, आठवडा झाला. मी म्हटलं, रात्री वाढतो का? मग ते म्हणाले, आता रेकॉर्डिंगचं मशीन सुरू करायचं का?”

“आणि नंतर?”

“नंतर ते पेशंट झाले. मला ते आधीपासूनच तसे वाटत होते.” मग तिला आठवलं. “सुरुवातीला त्यांनी विचारलं होतं, व्हेअर डिड यू पिक अप युवर इंग्लिश?”

मी नकळत सरळ बसलो. “काय सांगितलंस?”

“वॉर्डमध्ये, म्हटलं.”

मी परत मागं टेकलो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. “सर, तुमचं नाव अगदी तोंडावर आलं होतं. पण तुम्हीच शिकवलंय ना, पिक अप म्हणजे शिक्षकाशिवाय. मग तुमचं नाव कसं सांगू?”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. उत्तर बरोबर असेल तर बरोबर म्हणायचं, ही सवय सुटत नाही.

भटूनं मोठ्यानं विचारलं, “काय म्हणतेय? झालं का?”

“झालं!” मी ओरडलो. या वेळी ते खोटं वाटलं नाही, आणि निकाल आला तेव्हा ते खरंही ठरलं.

कल्पना आयर्लंडला गेली. पुढं नवरा आणि मुलगीही गेली. जिजी इथं धाकट्या मुलाकडे राहते आणि अधूनमधून माझ्या वर्गात येऊन कोपऱ्यात बसते. आता तिथं कुणी काही चुकत नाही, म्हणून तिला कंटाळा येतो. भटू तिकडे एका गोदामात काम करतो. तिथं शांतता आहे. कानाला यंत्र बसवलंय, आणि फोनवर तो आता हळू बोलतो. इतका हळू, की मलाच ‘काय?’ म्हणावं लागतं.

मागच्या महिन्यात कल्पनानं व्हिडिओ कॉल केला. दवाखान्यातली जेवणाची सुट्टी होती. मी मुद्दाम इंग्रजीत बोललो, तिच्या उच्चारांत काय फरक पडला ते ऐकावं म्हणून. दोन वाक्यं झाली असतील, तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली, “कल्पनाचेची!” ती मान वळवून भराभर काहीतरी बोलली. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. आयरिश लोकांचं इंग्रजी कठीण असतं असं वाचलं होतं. पण चेची?

“चेची म्हणजे ताई, सर,” ती म्हणाली. “आमच्या वॉर्डात बहुतेक सगळ्या नर्स केरळच्या आहेत.”

मल्याळम ती आता चांगली बोलते.